नागपूर ते मुंबई ६८५ किलोमीटर, मग विमानाला दीड तास का लागतो?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नागपूर-मुंबई हवाई अंतर साधारण ६८५ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी आठशेच्या वर. म्हणजे हिशेबाने पन्नास मिनिटांचं काम. पण एका संकेतस्थळावर तुम्हाला १ तास २१ मिनिटं दिसली, जायच्या तिकिटावर १ तास ३५ आणि परतीच्या तिकिटावर १ तास २५. यातलं खरं कुठलं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एका ओळीत असंही लिहिलंय की आईंना सकाळी साडेअकराला परळच्या रुग्णालयात दाखवायचं आहे. साडेसातचं विमान नऊ पाचला पोहोचतं, तेवढ्यात जमेल का, की समृद्धीवरून गाडीनेच जावं?

खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. आकड्यांचं कोडं सुटलं की त्याचं उत्तर आपोआप मिळेल, म्हणून आधी आकडे घेते.

मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होते. प्रत्येक उड्डाणाआधी कुठल्या मार्गाने जायचं, किती उंचीवरून, वारा कसा आहे, इंधन किती भरायचं आणि किती मिनिटं लागतील याचा कागद तयार करणं, हे आमचं काम. त्याला आम्ही ओएफपी म्हणतो, ऑपरेशनल फ्लाइट प्लॅन. मी मूळची वर्ध्याची, त्यामुळे हा मार्ग माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. मुंबई-नागपूर, नागपूर-मुंबई असे कागद किती काढले याची मोजदाद नाही, पण एका दिवशीचा आकडा दुसऱ्या दिवशी तंतोतंत तसाच आला असं क्वचितच झालं.

अंतराबद्दल. ६८५ हा आकडा बरोबर आहे. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढलं की तो येतो. कुठे ६८२ दिसेल, कुठे ६९०. कोणी विमानतळ ते विमानतळ मोजतं, कोणी शहराचा मध्य धरतं. नागपूरकर शून्य मैलाच्या दगडापासून मोजतील, पण विमान सोनेगावच्या विमानतळावरून उडतं. आम्ही नॉटिकल मैलात मोजतो. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून आमच्यासाठी हे अंतर साधारण ३७० मैल.

पण विमान या सरळ रेषेवर उडत नाही. नागपूरची धावपट्टी आग्नेय-वायव्य अशी आहे. त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे एका टोकाकडून उड्डाण होतं आणि मग विमान मुंबईच्या दिशेला वळतं. पुढे ठरलेला हवाई मार्ग असतो, मुंबईजवळ उतरण्याची ठरलेली वाट असते आणि शेवटी रांगेत बसवण्यासाठी एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, एखाददुसरं वळण देते. ३७० चे ३९०-४०० मैल सहज होतात. मुंबईहून निघताना तर वर्षातला बराच काळ उड्डाण पश्चिमेकडे, जुहूच्या समुद्रावर होतं. नागपूर पूर्वेला आणि आपण निघतो अरबी समुद्राकडे. वळसा घेऊन विमान पुन्हा शहराच्या बाजूला येईपर्यंत पाच-सहा मिनिटं गेलेली असतात.

आता वेग. तुमच्या हिशेबातली खरी गफलत इथे आहे, आणि ती जवळजवळ सगळ्यांची होते. ताशी ८३० किलोमीटर हा एअरबस ३२० सारख्या जेट विमानाचा वर गेल्यानंतरचा, सपाट उडतानाचा वेग. तिथवर पोहोचायला वीस-एकवीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात विमानाने दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर कापलेले असतात. खाली येण्याचंही तसंच. अंदाज सोपा आहे: हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल. ३६ हजार फुटांवरून यायचं तर एकशे आठ मैल, वर वेग कमी करायला आणखी थोडे, म्हणजे मुंबईच्या दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर आधीच उतरणं सुरू करावं लागतं. शिवाय दहा हजार फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी जेमतेम ४६० किलोमीटर.

नकाशावर बोट ठेवून बघा. नागपूरहून निघालेलं विमान चढत चढत अकोल्याच्या दक्षिणेला येतं तेव्हा कुठे सपाट होतं. छत्रपती संभाजीनगर मागे पडतं न पडतं तोच उतरायला लागतं. तुम्ही धरलेला वेग या संपूर्ण प्रवासात फक्त अकोला ते संभाजीनगरच्या थोडं पुढे, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरपुरता असतो. सतरा मिनिटं. बाकी सगळा वेळ चढण नाहीतर उतार. नागपूर-मुंबईसारख्या छोट्या मार्गावर सरासरी वेग इतका खाली येतो तो यामुळेच. मुंबई-लंडनसारख्या लांब मार्गावर हीच चढ-उतार सात हजार किलोमीटरांत विरून जाते, तिथे तुमची भागाकाराची पद्धत बऱ्यापैकी जुळते.

तुम्हाला दिसलेली १ तास २१ मिनिटं कुठून आली तेही यातून कळतं. अशी बरीच संकेतस्थळं ठरावीक वेग धरतात, ताशी ५०० साधे मैल (नॉटिकल नव्हे) म्हणजे ८०५ किलोमीटर, आणि चढ-उतार नि टॅक्सीसाठी, म्हणजे विमानाच्या जमिनीवरच्या चालण्यासाठी, सरसकट ३० मिनिटं मिळवतात. ६८५ भागिले ८०५, एक्कावन्न मिनिटं. अधिक तीस. झाले १ तास २१. साधारण कल्पना यायला ठीक आहे. पण त्यात वारा नाही, पाऊस नाही, मुंबईची गर्दी नाही, आणि कुठल्या दिशेने जाताय हेही नाही.

वाऱ्याचं जरा सविस्तर सांगते. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर आणि मध्य भारतावर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे असतात. विदर्भावर ३५ हजार फुटांवर ५०-६० नॉट, कधी त्याहून जास्त, म्हणजे ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर. मुंबईहून नागपूरला जाताना तो पाठीमागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. विमानाचा हवेतला वेग तोच, पण जमिनीवरून मोजलेला वेग एकदा नऊशेच्या वर आणि एकदा सातशेच्या आसपास. चढताना-उतरताना खालच्या थरांत वारा कमी असल्यामुळे इतका फरक पडत नाही, पण सगळं मिळून हिवाळ्यात दोन दिशांमध्ये दहा-बारा मिनिटांचं अंतर पडतं. तुमच्या दोन तिकिटांवरच्या दहा मिनिटांच्या फरकात बराचसा हात या वाऱ्याचा आणि उरलेला मुंबईला उतरतानाच्या गर्दीचा.

पावसाळ्यात चित्र उलटतं. भारतीय द्वीपकल्पावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वाऱ्याचा झोत तयार होतो. आपल्याच हवामान खात्याचे शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाभा आपल्या विमानांपेक्षा बराच वर, चौदा-सोळा किलोमीटर उंचीवर आणि दक्षिणेकडे असतो. नागपूरच्या आसपास आपल्या उंचीवर त्याचा हलकासा हात लागतो. जुलैमध्ये नागपूरहून मुंबईला येताना कागदावर दोन-चार मिनिटं वाचलेली दिसायची. पण नेमक्या त्याच दिवसांत मुंबईवर पाऊस कोसळत असतो आणि वाचलेली मिनिटं तिथे कितीतरी पटींनी परत द्यावी लागतात.

आता तिकिटावरची वेळ. लोकांना वाटतं तिकिटावर 'हवेतली वेळ' लिहिलेली असते. तसं नसतं. ती 'ब्लॉक टाइम' असते. विमानाच्या चाकांना लावलेले अडसर निघतात तिथपासून मुंबईच्या बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, पुन्हा लागतात तिथपर्यंत. साडेसात ही उड्डाणाची नाही, विमान जागेवरून हलण्याची वेळ. नऊ पाच ही धावपट्टीला टेकण्याची नाही, थांबण्याची. विमान कंपन्या हा आकडा नुसत्या गणितावरून काढत नाहीत. त्या मार्गावर मागच्या हंगामात प्रत्यक्ष किती वेळ लागला ते बघून, वर थोडी राखीव मिनिटं ठेवून काढतात. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे उन्हाळी आणि हिवाळी तिकिटांवर एकाच मार्गाची वेळ वेगळी दिसू शकते. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर'मध्येच धरला जातो, हेही लक्षात असू द्या.

तुमचंच साडेसातचं विमान घेऊ. चांगल्या दिवशी ते असं जाईल. साडेसातला पुशबॅक, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकललं जातं. नागपुरात गर्दी नाही, सात चाळीसला उड्डाण. आठला सपाट. आठ सतराला उतरायला सुरुवात. पूर्वेकडून येणारं विमान बहुतेक वेळा घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्तीवरून सरळ धावपट्टीवर येतं, आठ सेहेचाळीस-पन्नासला टेकतं. मग टॅक्सी. बे रिकामा असेल तर आठ अठ्ठावन्न, नाहीतर नऊ-दोन. म्हणजे हवेतला वेळ साधारण एक तास पाच-सात मिनिटं आणि बाकीचा जमिनीवरचा. परतीला उलट. मुंबईत पुशबॅकपासून उड्डाणापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं रांगेत जाऊ शकतात, पण वारा पाठीशी असतो आणि नागपुरात उतरल्यावर चार मिनिटांत दार उघडतं.

मुंबईत ही रांग का लागते, तेही सांगायला हवं, कारण तुमचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने गर्दीच्या तासांतली विमानांची ये-जा ४६ वरून ४४ वर आणली. ४४ म्हटलं तरी दर ८२ सेकंदांना एक विमान, उतरणारं किंवा उडणारं. या साखळीतली एक कडी हलली, म्हणजे एखादं विमान धावपट्टीवरून सावकाश बाहेर पडलं, कोणाला पावसामुळे धावपट्टी दिसली नाही आणि त्याने गो-अराउंड केला, म्हणजे न उतरताच विमान पुन्हा वर नेलं, तर मागच्या सगळ्यांना वर थांबवावं लागतं. सकाळी आठ ते दहा ही तिथली ऐन गर्दीची वेळ. तुमचं विमान नेमकं तेव्हाच पोहोचतं.

एका जुलैची गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. नागपूरहून येणारं विमान, कागदावर हवेतला वेळ १ तास ६ मिनिटं. मुंबईवर सरींमागून सरी. एटीसीने विमान होल्डिंगला घातलं. होल्डिंग म्हणजे शर्यतीच्या मैदानासारख्या लांबट घेरात फेऱ्या मारणं, एका फेरीला चारेक मिनिटं. अशा विमानाला मिनिटाला साधारण चाळीस किलो इंधन लागतं. मी कागदाच्या समासात प्रत्येक फेरीला पेन्सिलने आकडा कमी करत होते, कारण एका मर्यादेपलीकडे थांबता येत नाही. दुसऱ्या विमानतळावर जाण्याचं इंधन आणि त्यावर अर्ध्या तासाचं अखेरचं राखीव इंधन, याला हात लावायचा नसतो. सहाव्या फेरीला कॅप्टनने अहमदाबादला वळायचं ठरवलं. निर्णय अगदी बरोबर होता. तिथे इंधन भरून, मुंबईची परवानगी मिळून विमान परत आलं तेव्हा नागपूरहून निघून पाच तास झाले होते. त्यात परळलाच निघालेले एक आजोबा होते, व्हीलचेअरवर. त्यांची वेळ टळली आणि पुढची वेळ मिळायला तीन आठवडे थांबावं लागलं, असं त्यांच्या मुलीने आमच्या माणसाला सांगितलं. तेव्हापासून कोणी मला 'विमान किती वाजता पोहोचतं' असं विचारलं की मी आधी 'तुम्हाला कुठे आणि किती वाजता पोहोचायचंय' असं विचारते.

थोडं विषयांतर, पण नागपूरबद्दल आहे म्हणून लिहितेच. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा विमानं टपाल घेऊन निघत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात भेटत. पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं आपापल्या शहराला परत जायची. नागपूरपासून मुंबई ६८५, दिल्ली साधारण ८५०, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर. चारही अंतरं वेगळी, तरी चौघांना एका वेळी पोहोचायचं. अंतरावरून वेळ नाही, तर पोहोचायच्या वेळेवरून निघायची वेळ ठरवावी लागे. तुमच्यासाठी आपण तेच करायचं आहे.

तर साडेअकरापासून मागे येऊ. पहिल्यांदाच जाताय, नोंदणी, फाइल, पैसे भरणं, म्हणजे साडेदहाला रुग्णालयाच्या दारात असायला हवं. विमानतळ ते परळ अंतर पंधरा-सतरा किलोमीटरच आहे, पण सकाळी नऊनंतर त्याला तास ते सव्वा तास धरा. म्हणजे सव्वानऊला टॅक्सीत बसलेलं असायला हवं. आणि विमान थांबतंय नऊ पाचला. आई व्हीलचेअरवर असतील तर सगळे प्रवासी उतरल्यावर त्यांना उतरवतात. एरोब्रिज मिळाला तर पंधरा मिनिटं. विमान दूरच्या बेवर लागलं तर ॲम्ब्युलिफ्टची, म्हणजे व्हीलचेअर खाली उतरवणाऱ्या गाडीची, वाट पाहायची, मग बॅगा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं म्हणजे काहीच विशेष नाही. टॅक्सीत बसायला पावणेदहा-दहा, परळला अकरा-सव्वाअकरा. आणि हे सगळं वेळेवर झालं तर. वीस मिनिटांचा साधा उशीर झाला, तरी साडेअकरा हुकलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: त्या सकाळच्या विमानावर आईंची वेळ टांगू नका. आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने या आणि रुग्णालयाजवळ एक रात्र राहा. एका खोलीचं भाडं जाईल, पण वेळ हुकली तर परतीचं तिकीट, नवीन तारीख आणि आईंचा त्रास या सगळ्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त.

आदल्या दिवशी येणं अगदीच शक्य नसेल, तर सकाळचं पहिलं विमान घ्या, पण एक गोष्ट तपासून. ते विमान रात्री नागपुरातच मुक्कामाला असतं का? आम्ही त्याला नाइट हॉल्ट म्हणतो. मुक्कामाचं विमान सकाळी वेळेवर सुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तेच विमान पहाटे दुसऱ्या शहरातून येऊन मग मुंबईला निघणार असेल, तर तिकडचं धुकं तुमच्या वाट्याला येतं. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात लख्ख ऊन असतं आणि विमान मात्र दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असतं, हा अनुभव नागपूरकरांना नवा नाही. विमान दिवसभर एकामागून एक फेऱ्या करतं. सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढतच जातो, म्हणून परतीचं तिकीटही त्याच संध्याकाळचं घट्ट बांधून काढू नका.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमची तारीख कुठल्या महिन्यातली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जून ते सप्टेंबर असेल तर आदल्या दिवशी येण्याला मी पर्यायच देणार नाही. मे किंवा ऑक्टोबर असेल तर मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी एक दिवस सहा तास बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते, ती बघून घ्या. दुसरं, विमान कुठलं आहे. तिकिटावर 'एटीआर ७२' असं दिसलं तर ते पंख्यांचं विमान. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, तेव्हा वेळ पावणेदोन-दोन तास दिसेल, आणि ती चूक नाही.

तिसरं, कुठला विमानतळ. २०२५ च्या डिसेंबरअखेरीस नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटावर 'बीओएम' असेल तर जुना, 'एनएमआय' असेल तर नवी मुंबई. लोक नवी मुंबई म्हटलं की लांब म्हणून सोडून देतात, पण तुम्हाला परळला जायचंय. अटल सेतू शिवडीला उतरतो आणि शिवडी परळच्या शेजारी आहे. किलोमीटर दुप्पट पडतील, टोल पडेल, पण सकाळच्या गर्दीत ती वाट जास्त भरवशाची ठरू शकते. गाडी सांगताना चालकाला 'अटल सेतूवरून' असं आधीच सांगा.

आता समृद्धी. तुम्ही लिहिलंय, ७०१ किलोमीटर आणि वेगमर्यादा १२०, म्हणजे सहा तास. विमानाच्या बाबतीत जी गफलत झाली तीच इथे होते आहे. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला आणि रस्ता पूर्ण झाला. रस्ता उत्तम आहे, मी स्वतः गेले आहे. पण १२० ही कमाल मर्यादा आहे, सरासरी नाही. घाट, बोगदे, डिझेल, चहा, आईंसाठी दर दीड-दोन तासांनी थांबणं, हे धरून नऊ-दहा तास. आणि समृद्धी मुंबईत संपत नाही, भिवंडीजवळ आमणेला संपते. तिथून ठाणे, मग परळ, आणखी दीड-दोन तास. एकाच चालकाने रात्रभर हे करू नये. त्या सरळसोट रस्त्यावर डोळा लागतो, याकडे गांभीर्याने बघा.

रेल्वेचा तुम्ही उल्लेखच केला नाहीत, पण मला तो तुमच्यासाठी चांगला पर्याय वाटतो. नागपूर ते सीएसएमटी रेल्वेचं अंतर ८३७ किलोमीटर. दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्री झोपलं की सकाळी मुंबई. खालचा बर्थ मिळाला तर आईंना आडवं होऊन येता येईल. मात्र सकाळी पोहोचून त्याच दिवशी साडेअकराची वेळ गाठायची असेल तर विमानासारखाच धोका आहे, दोन-तीन तासांचा उशीर गाडीलाही होतो. आदल्या रात्रीऐवजी त्याआधीच्या रात्री निघालात तर हा मार्ग स्वस्त आणि निवांत.

आईंसाठी आणखी थोडं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा. काउंटरवर जाऊन ऐनवेळी मागू नका. बहुतेक कंपन्यांचे काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात, तुम्ही दोन तास आधी पोहोचा. आणि डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा: विमानाच्या आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा असतो. धडधाकट माणसाला कळतही नाही, पण फुप्फुसाचा त्रास असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर फरक पडतो. त्यांनी सांगितलं तर 'मेडिफ' नावाचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून कंपनीला आधी पाठवावा लागतो. आईंचा आजार मला माहीत नाही, म्हणून यात माझं मत न देता तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवते आहे.

हिशेबाचा सारांश एका दमात: हवेत एक तास पाच-सात मिनिटं, बेपासून बेपर्यंत दीड तास, आणि घराच्या दारापासून परळच्या दारापर्यंत, सगळं सुरळीत गेलं तर, साडेपाच ते सहा तास. तुम्ही नियोजन या तिसऱ्या आकड्यावर करा.

तिकीट काढलंत की तारीख आणि विमानाचा क्रमांक इथे लिहा. ते विमान आदल्या रात्री नागपुरात मुक्कामाला असतं की कुठून येतं, ते मी बघून सांगते. आणि दुपारच्या विमानाने निघालात तर आईंसाठी डाव्या बाजूची खिडकी मागा. पावसाळा नसेल आणि हवा स्वच्छ असेल, तर उड्डाणानंतर पंचवीसेक मिनिटांनी खाली दक्षिणेकडे बघायला सांगा. बुलढाण्याच्या सपाटीत एक गोल, गडद थाळी ठेवल्यासारखी दिसते. ते लोणारचं सरोवर.